शाळेच्या दिवशी समुद्र

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. आधी एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर मला येत नाही. (घरातल्या पहिल्या पदवीधर बाईने असं लिहून देणं बरं दिसत नाही, पण तू घरचीच.) शाळा बुडवून आईबापांबरोबर फिरून आलेलं पोर, परत आल्यावर, वर्गात नेमाने बसलेल्या पोरांपेक्षा जास्त का बोलतं? बसलेल्यांना मी सगळं शिकवलेलं असतं. हे मात्र हिंडून येतं आणि दिवसभर हात वर करून बसतं. मी पुस्तकात शोधलं, सोबतच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला सवय राहिली नाही गप्प बसायची, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. येतंही. त्यानेच मला जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

असो. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? (तुझी शेजारीण म्हणते, नुसती ठेवतेस. माझा तिच्यावर विश्वास जास्त आहे.) इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे आपण ठीक आहोत असं सगळे फार मोठ्याने सांगतात, आणि माझा संशय तिथूनच सुरू झाला. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं, शिवाय तू फोन कानाला उलटा लावतेस. मग दोघी 'हॅलो, हॅलो' करतो आणि सगळं क्षेम आहे असं धरून चालतो. म्हणून पत्र. दादाच्या ओळखीचा एक ड्रायव्हर तुमच्या गावाकडे निघतोय. त्याला सगळे फुंकर म्हणतात, कारण चहा तो पितो कमी आणि फुंकतो जास्त. त्याच्या ट्रकमध्ये उशा आहेत, त्यामुळे तो आमच्या आधी पोचेल. आमच्या ट्रकमध्ये हात धुवायची बेसिनं आहेत. 'आमच्या' हा शब्द वाचून तू थांबली असशील. थांब, तेच सांगायचं आहे, पण ते क्रमाने सांगितल्याशिवाय तुला माझी बाजू कळायची नाही.

मला चौथीचा वर्ग मिळाला हे तुला माहीत आहे. पहिल्याच मीटिंगला मी उभी राहून बोलले. (नवीन माणूस उभं राहून बोलतं. जुनं झालं की ते भिंतीला टेकून बसायची जागा आधी धरतं.) मी म्हणाले की शाळेचा दिवस हा मुलाचा असतो, आईबापांनी तो परस्पर खर्चून टाकायचा नसतो. घरच्यांना फिरायचं आहे म्हणून पोरांना शाळेतून उचलून न्यायचं हे थांबायला हवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काम माझ्या गळ्यात बांधलं. मोठ्या बाईंनी (या आमच्या मुख्याध्यापिका, उंचीने माझ्या खांद्याला लागतात) मला नियम तयार करायला सांगितला. मी रात्र जागून एक वाक्य लिहिलं : फिरायला जाण्याच्या कारणासाठी मुलांना रजा मिळणार नाही. ते फळ्यावर लागलं. त्याचा परिणाम असा झाला की फिरणं थांबलं नाही, फक्त आजार वाढले.

आत्या, आमच्या शाळेतली पोरं सुट्टीला लागून जेवढी आजारी पडतात तेवढी साथीतसुद्धा पडायची नाहीत. औषधविक्रेत्याच्या मुलाला ताप आला आणि तो अंथरुणातून उठून आला तो उन्हाने भाजलेलं, साल निघालेलं नाक घेऊन. एकीचं पोट दुखत होतं, तिच्या दप्तरातून शिंपले निघाले. न्हाव्याच्या मुलाची आजी वारली म्हणून मी सांत्वनाला गेले, तर दार आजीनेच उघडलं. सगळे डोंगरावर गेलेत आणि मला एकटीला मागे ठेवलंय, अशी तक्रार करत तिने मला तासभर हलू दिलं नाही. (तिच्या निधनाबद्दल मी तिच्याकडे काही बोलले नाही. न्हाव्याला मात्र घरी आल्यावर मी येऊन गेल्याचं ऐकायला मिळालं असणार.)

अशाने माणसाची नजर बिघडते. मला खोकला ऐकू आला की त्यामागे गाडीचा हॉर्न ऐकू यायला लागला. शिंप्याच्या मुलीला गालगुंड झालं अशी चिठ्ठी आली तेव्हा मी मनात म्हटलं, आता बघतेच. त्यांच्या घरी गेले. मुलगी खाटेवर होती, एक गाल टम्म. मला वाटलं आत कापूस आहे. शिंप्याच्या घरी कापसाला काय तोटा? मी गाल दाबून बघितला. मुलीने जी किंकाळी फोडली, तिच्यात कापूस नव्हता. तिची आई हातातल्या कात्रीसकट बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवता का तपासता?" मी माफी मागून निघाले. पुढे काही आठवड्यांनी माझे स्वतःचे दोन्ही गाल सुजले. तोंड उघडेना. मी कसंबसं मोठ्या बाईंना फोनवर सांगितलं की मला गालगुंड झालंय. मग त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "असं का? कुठे निघालात?"

तर अशी मी गाल बांधून घरी पडले, आणि घरात काहीतरी शिजतंय हे माझ्या लक्षात आलं. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. वहिनी एकदम भांड्यांना लागायची, दादा पंख्याकडे बघायचा. अप्पा वर्तमानपत्र उघडून बसायचे, पानही न उलटता. आणि टिटवी! दादाची ही पोरगी माझ्याच वर्गात आहे. घरी मी तिची आत्या, शाळेच्या फाटकाच्या आत बाई. तिथे ती मला अहोजाहो करते आणि वर डोळा मारते. ती रोज रात्री माझ्या अंथरुणात शिरून शाळेतल्या सगळ्या चहाड्या सांगायची. ती यायची बंद झाली. आईजवळ झोपायला लागली. आत्या, मला त्याचं फार लागलं. घरातले मोठे माझ्याशी बोलायचे थांबले तर मी समजून घेईन, शिकलेल्या माणसाशी काय बोलायचं असं त्यांना वाटत असेल. पण टिटवीचं तोंड बंद झालं म्हणजे ते कुणीतरी बंद केलेलं असणार.

मग एका सकाळी मोरीतून खोकला ऐकू आला, आणि पाठोपाठ वहिनीचा आवाज : "तसा नको, घशातला वाटतो. पोटातून काढ."

मला सगळं एका क्षणात समजलं. आपल्या ट्रकवाल्यांच्या घरी सुट्टी कॅलेंडरवर येत नाही, मालावर येते. तुमच्या गावाकडचा माल मिळाला की घरातल्या एखाद्या पोराला केबिनमध्ये बसवायचं आणि समुद्र दाखवून आणायचं, ही अप्पांची रीत. आणि माल काही रविवार बघून येत नाही. दादा असाच गेला, काकाची दोन्ही गेली, लग्नानंतर वहिनीसुद्धा गेली. मी तेवढी राहिले. माझ्या वेळी माल आला की परीक्षा असायची, आणि अप्पा स्वतःच म्हणायचे, "हिची शाळा बुडवायची नाही. ही शिकतेय." त्यामुळे समुद्र मी अजून पाहिलेला नाही, नुसता शिकवते. अथांग असतो, खारट असतो. वर्गात कुणी विचारलं की किती खारट, तर मी म्हणते, पुष्कळ.

आता टिटवीची पाळी आली होती आणि माझ्याच घरात माझाच नियम मोडायचा बेत शिजत होता. मी टिटवीला एकटीला गाठलं. ती म्हणाली, "सांगायचं नाही असं सांगितलंय. आणि तू गोड बोलून विचारशील, हेपण सांगितलंय." मी गोड बोलायचं सोडलं आणि वर्गात जाहीर केलं की पुढचा सबंध आठवडा रोज तोंडी परीक्षा. म्हणजे ही हलू शकणार नाही. चाळीस निष्पाप पोरं एका टिटवीपायी पाढे म्हणत बसली. तिने तोंडी परीक्षेत प्रत्येक उत्तराआधी खोकून दाखवलं. पोटातून.

पुरावा पाहिजे म्हणून मी अप्पा बाहेर गेल्याचं बघून ट्रकच्या केबिनमध्ये चढले. (साडी सांभाळून त्या पायऱ्या चढणं ही स्वतंत्र परीक्षा आहे.) आत बघते तर ड्रायव्हरच्या मागे झोपायची जी फळी असते ती रुंद केलेली, नवी गादी, वर जुन्या पडद्याच्या कापडाची झालर. म्हटलं, वा, ऐसपैस बेत आहे. पण मग फळी जरा विचित्र वाटली. टिटवी तिच्या निम्म्यात मावेल. वहिनी बुटकी. दादा आणि अप्पा तर झोपायला खाली चाकांजवळ खाट टाकतात. मी आडवी होऊन पाहिलं. माझं डोकं एका टोकाला लागलं, पाय दुसऱ्या. तेवढ्यात दार उघडलं आणि अप्पा खालून म्हणाले, "लांबी बरोबर आहे ना? तू झोपलेली असताना सुतळीने मोजली होती. गाल बांधलेले होते, तुला कळलंही नाही."

मी उठून बसताना डोकं आपटलं. अप्पा वर चढून आपल्या जागी बसले, चाकावर हात ठेवून, आणि समोर बघत बोलले. पुढच्या महिन्यात त्यांच्या लायसनची मुदत संपतेय. पुन्हा करायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, पाठ साथ देत नाही. ट्रक दादा चालवेल. समुद्राकडचा हा माल त्यांच्या हातून शेवटचा. टिटवीला न्यायचं होतं, आणि राहून गेलेल्या एकीला न्यायचं होतं. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू नियम सांगितला असतास. आणि तुझा नियम बरोबर असतो. चुकलेल्या माणसाशी भांडता येतं, बरोबर असलेल्याशी कसं भांडायचं?"

मी एक अट घातली. यायचं तर खरं कारण लिहून यायचं. खोकला चालणार नाही. अप्पा म्हणाले, "पोरगी महिनाभर खोकतेय, जरा तिचाही विचार कर." तरी मी हटले नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंसमोर दोन अर्ज ठेवले, टिटवीचा आणि माझा. कारण : वडिलांबरोबर ट्रकने समुद्र पाहायला जाणे. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. मग दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, "दुसऱ्या शाळेत मुलाखत आहे का?" मी नाही म्हटलं. "मग लग्न ठरलंय?" नाही. "बाई, समुद्राला जाणारं माणूस समुद्र असं लिहीत नाही. इतक्या वर्षांत एकाने लिहिलेलं नाही. खरं काय ते सांगा, मी कुणाला बोलणार नाही." मी पुन्हा पुन्हा समुद्र म्हणत राहिले आणि दर वेळी तो मलाच जास्त खोटा वाटायला लागला. शेवटी त्या म्हणाल्या, तुमच्याच नियमाने हे मंजूर करता येत नाही, आणि इतकं खरं लिहिलेलं नामंजूर करायला मन होत नाही, तर टेबलावर राहू दे. निघताना मला मागून म्हणाल्या, "तिकडे शाळा चांगली असली तर मलाही कळवा."

तर आत्या, आम्ही येतोय. वहिनीला धुलाईच्या दुकानातून सुट्टी नाही, म्हणून चौघंच : अप्पा, दादा, टिटवी आणि मी. जेवायचं फार करू नकोस. तुझी आठवण रोज निघते. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
बाई (घरी सगळे आता मला हेच म्हणतात, अप्पासुद्धा)

ता. क. : वरचं सगळं काल घरी लिहिलं. आता रस्त्यात एका पेट्रोल पंपावर थांबलोय. फुंकर इथेच भेटायचा आहे. तो येईपर्यंत जे लिहायचंय ते खरं पत्र समज.

पहाटेपासून अप्पाच चालवत होते. शेवटची फेरी म्हणून दादा काही बोलला नाही. जुन्या रस्त्याने अप्पा गोष्ट सांगितल्यासारखे सांगत होते, आता दगडी पूल येईल, आता चुन्याची भट्टी, आता तीन बोर्ड एका रांगेत. आणि यायचंही सगळं. मला इतकं कौतुक वाटलं की हे वर्गात सांगायचं असं मी ठरवून टाकलं. मग नवा रस्ता लागला. गावाला वळसा घालून जाणारा, नुकता झालेला. अप्पा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "टिटवी, पाट्या वाच बघू मोठ्याने. शाळा बुडलीय, अभ्यास तरी होऊ दे." टिटवी वाचायला लागली. मी खूश. मग अप्पांनी विचारलं, "आणि पुढे ते लाल काय आहे?"

आत्या, शिकवणारं माणूस उत्तर माहीत असताना विचारतं. अप्पांना माहीत नव्हतं.

ते लाल म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॅक्टरवर बांधलेलं फडकं होतं. टिटवीने सांगितलं आणि अप्पांनी गाडी सावकाश बाजूने काढली. काही झालं नाही. मी दादाकडे बघितलं. दादाने खिडकीबाहेर बघितलं, पण त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते.

इथे पंपावर उतरल्यावर मी त्याला नळाच्या मागे नेलं. त्याला अप्पांच्या नजरेबद्दल वर्षापासून संशय आहे. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "मी बोललो की ते म्हणतात, गाडी हातात यायची घाई झालीय तुला. तुझ्या वहिनीने विषय काढला तर जेवत नाहीत. तू बोललीस तर ऐकतील. घरात त्यांना नाही म्हणणारी तू एकटीच आहेस." मग जरा थांबून म्हणाला, "तुला काय वाटलं, नुसता समुद्र दाखवायला आणलंय?"

म्हणजे घरात माझ्याविरुद्ध कट आहे हा माझा संशय खरा निघाला. फक्त कट असा होता की मी यावं, आणि मी जशी आहे तशीच यावं. याचा आनंद मानायचा की राग, ते मी नंतर बघेन.

तुझ्याकडून एक हवंय. अप्पा ऐकतात ते फक्त तुझं, तू थोरली म्हणून आणि लहानपणी त्यांना विहिरीतून काढलंस म्हणून. आम्ही पोचलो की त्यांना ठेवून घे. तुला डोळे तपासायला जायचंय आणि एकटीला भीती वाटते असं सांग. तिथल्या दवाखान्यात तुझ्याबरोबर त्यांनाही खुर्चीत बसव. तुझे डोळे गरुडासारखे आहेत, तेव्हा हे कारण खोटं आहे, मला माहीत आहे. पण खरं कारण लिहायची अट मी घातली तेव्हा तिच्यात आत्यांचा उल्लेख केलेला नव्हता.

ता. क. दुसरा : तुझ्या उत्तराची वाट बघून बोलायचं असं मी ठरवत होते, पण पुढे घाट आहे.

अप्पा टायरला हात लावून बघत होते. मी जाऊन म्हटलं, "अप्पा, किल्ली द्या."

"तू चालवणार?"

"दादा चालवेल. इथून पुढे आणि परत येतानाही."

"कारण?"

मी म्हटलं, "खरं सांगू, की पाठीचं सांगू?"

ते टायरवरची माती नखाने काढत राहिले. टिटवी केबिनच्या दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यांनी एकदा तिच्या दिशेला मान वळवली आणि मग हळू म्हणाले, "मला कळलंय. पोरीला पाठीचं सांग."

फुंकर पत्रासाठी हात पुढे करून उभा आहे. किल्ली मी दादाला दिली आहे. टिटवीला सांगितलं आहे की आजोबांची पाठ दुखतेय.